पहिल्या शब्दाचा उशीर

एकदा एका शिष्याने एका वृद्ध बाईंना, त्यांच्या कामाविषयी एक शब्दही न विचारता, उत्तमातले उत्तम यंत्र जुळवून दिले आणि त्यापायी चारचौघांत त्याला मान खाली घालावी लागली. त्याची ही हकिकत.

समुद्रकाठच्या एका गावात एक गुरुजी राहत. आयुष्यभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि घरामागच्या खोलीत संगणक जुळवून देऊ लागले. दुकानातले तयार यंत्र ज्यांना पुरे पडत नाही, ज्यांचे काम काही निराळेच असते, अशी माणसे त्यांच्याकडे येत. काही तरुण त्यांच्या हाताखाली शिकतही असत. सुमेध हा त्यांतला सर्वांत तल्लख. बाजारात नवा भाग आला की त्याचे सगळे आकडे त्याला तोंडपाठ असत. समोरच्याचा प्रश्न पुरता होण्याआधी त्याचे उत्तर तयार असे, आणि ते बहुधा बरोबरही निघे. आपण कुणाचे ऐकून घेत नाही, हे त्याच्या ध्यानात यावे असा प्रसंग म्हणूनच कधी आला नव्हता.

त्या गावात यमुताई परुळेकर नावाच्या एक विदुषी होत्या. किनाऱ्यावरच्या कोळणी, होड्या हाकणारे तांडेल, मिठागरात राबणारी माणसे यांच्या तोंडचे शब्द जमवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांचा कोश आता संगणकात होता. एखादा शब्द दिला की प्रोग्रॅम त्याच्या नात्यातला दुसरा शब्द शोधी, त्या दुसऱ्यावरून तिसरा, आणि अशी शब्दांची सारी भावकी उलगडत जाई. पण जुना संगणक वरचेवर बंद पडू लागला होता, आणि यमुताईंची दृष्टीही मंदावत चालली होती. डोळे आहेत तोवर कोश पुरा करायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्या गुरुजींकडे आल्या, आणि गुरुजींनी हे काम विश्वासाने सुमेधवर सोपवले.

सुमेधने मन लावून एकेक भाग निवडला. मेमरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच्यापुढे दोन पर्याय होते. एकीचा क्लॉक स्पीड मोठा होता, म्हणजे तिचे ठोके भराभर पडत. दुसरीचा स्पीड बेताचा, पण टायमिंग आवळलेले, म्हणजे मागितलेली गोष्ट हाती द्यायला ती मोजकेच ठोके घेई. सुमेधने क्षणभरही विचार न करता मोठ्या आकड्याची मेमरी उचलली. टायमिंग पाहिलेस का, असे गुरुजींनी जाता जाता विचारले. तेवढ्याने काही बिघडत नाही, स्पीड केवढा आहे ते बघा, असे तो हसून म्हणाला. गुरुजी क्षणभर थांबले आणि काही न बोलता आपल्या कामाला लागले.

यंत्र तयार झाले तेव्हा यमुताईंनी ते ग्रंथालयात मांडायला सांगितले. ज्यांनी शब्द दिले त्या माणसांदेखत ते सुरू व्हावे, अशी त्यांची हौस होती. ग्रंथपाल आले, यमुताईंच्या जुन्या मैत्रिणी आल्या, बाजार आटोपून दोन कोळणीही येऊन बसल्या. सुमेधने छोटेसे भाषण केले. जुन्या संगणकाला जे काम करायला चहा उकळण्याइतका वेळ लागे, ते आता ताईंनी कळ दाबेपर्यंत होईल, असे त्याने सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यमुताईंनी पडद्याजवळ डोळे नेऊन एक शब्द लिहिला आणि त्याची सारी भावकी मागितली. सगळे वाट पाहू लागले. पडद्यावर एक शब्द उमटला, मग बऱ्याच अवकाशाने दुसरा. यंत्र थांबत थांबत पुढे सरकत होते. ग्रंथपालांनी घड्याळाकडे पाहिले. एक कोळीण दुसरीच्या कानाशी काही तरी कुजबुजली. काम संपले तेव्हा त्याला जुन्या संगणकाहून अंमळ जास्तच वेळ लागला होता, हे यमुताईंच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळले असते.

सुमेधची कानशिले तापली. यंत्रात खोट असणे शक्य नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग खोट दुसरीकडे असलीच पाहिजे.

"प्रोग्रॅमच रद्दड आहे," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. "नवशिक्यानं लिहिल्यासारखा. हा फेकून द्यायला हवा. मी नवा लिहून देतो."

यमुताईंनी कळांवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"माझ्या धाकट्या भावानं लिहिलाय तो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "इस्पितळातल्या खाटेवर बसून. पुरा झाला आणि पुढच्या महिन्यात तो गेला."

त्याच क्षणी क्षमा मागायला हवी, हे सुमेधला कळत होते. शब्द ओठांवर आलेही. पण समोर एवढी माणसे बसली होती, आणि त्याची जीभ उचलेना. तो वाकून केबल तपासू लागला. त्या केबलमध्ये तपासण्याजोगे काहीच नव्हते, आणि हे निदान एका माणसाला तरी दिसत होते.

ते गुरुजी होते. मागच्या बाकावरून ते उठले, यमुताईंसमोर आले आणि आपल्याहून वयाने लहान असलेल्या त्या बाईंपुढे हात जोडून वाकले.

"ताई, तुमच्या भावाचा प्रोग्रॅम चोख आहे," ते म्हणाले. "मेमरी चुकीची निवडली गेली. ती चूक माझी. यंत्र मी परत नेतो."

सुमेध खाली पाहत उभा राहिला. मेमरी गुरुजींनी निवडली नव्हती, हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. तरी तो बोलला नाही. लोक निघून जाताना कुणी त्याच्याकडे पाहिले नाही, आणि तेच त्याला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मोठ्या आकड्याची मेमरी काढली, बेताच्या स्पीडची बसवली आणि तोच शब्द देऊन तेच काम लावले. शब्द एकामागून एक उमटत गेले. यंत्राचे काम झाले तरी सुमेध पडद्याकडे बघतच राहिला. पुष्कळ वेळाने त्याने विचारले, "गुरुजी, चूक माझी होती. तुम्ही ती स्वतःवर का घेतलीत?"

गुरुजींनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"तुझी मेमरी वाईट नव्हती. मोठा चित्रपट, लांबच लांब नोंदी, असं काही सलग ओतायचं असेल तर ती उत्तम. पण या कोशात एक शब्द हाती आल्याखेरीज पुढचा कुठं आहे ते कळतच नाही. दर वेळी नव्यानं मागायचं आणि पहिल्या उत्तराची वाट पाहायची. तिचे ठोके भराभर पडतात खरे, पण उत्तर देण्याआधी ती इतके ठोके थांबते की तो वेग सगळा वाट बघण्यातच जातो. हे तू शोधून काढलं असतंस. त्यासाठी ताईंना एवढंच विचारायचं होतं, की तुमचं काम कसं चालतं. तू विचारलं नाहीस."

गुरुजी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"आता माझं ऐक. तू ती मेमरी उचललीस तेव्हाच मला शंका आली होती. पण हुशार शिष्याला टोकून दुखवायला नको, म्हणून मी गप्प बसलो. तुझं कौतुक मला त्या बाईंच्या कामाहून मोठं वाटलं. हात जोडले ते तुला वाचवायला नव्हेत. मला माझीच लाज वाटत होती. तुझ्या वाट्याची क्षमा मी मागितलेली नाही. ती मला मागता येणार नाही."

सुमेधने त्याच दुपारी यंत्र यमुताईंच्या घरी पोहोचवले. वाटेत त्याने सांगायला बरेच काही मनाशी जुळवले होते, ठोके आणि टायमिंग, दोन्ही मेमरींतला फरक. दारात त्या उभ्या दिसल्या आणि त्यातले काहीच सांगण्यासारखे उरले नाही.

"ताई, मी तुमच्या भावाच्या कामाविषयी जे बोललो ते खोटं होतं," तो म्हणाला. "खरं काय ते मला माहीत नव्हतं, तरी बोललो. चूक माझी होती, गुरुजींची नाही."

यमुताईंनी त्याला दारातून आत घेतले. मग म्हणाल्या, "मला फार लागलं ते. अजून लागतंय. लागलं नाही असं उगाच कशाला म्हणू?"

सुमेधने मान हलवली. क्षमा मागितली की मन हलके होईल अशी त्याची समजूत होती. तसे झाले नाही. तरी आज तो पळाला नाही, नजर चुकवायला केबलही शोधली नाही. यंत्र जोडून झाल्यावर त्याने चाचरत विचारले, भावाने हा प्रोग्रॅम कसा लिहिला ते सांगाल का.

त्यांनी त्याला बसायला सांगितले. मग त्या सांगत राहिल्या. सलाईन लावलेला हात उशीवर टेकवून भाऊ दुसऱ्या हाताने कसा लिहीत असे, प्रोग्रॅमला एखादा शब्द सापडला की नर्सला बोलावून कसा ऐकवीत असे, चुकला की स्वतःवरच कसा हसत असे. मध्येच त्या थांबत, आठवत, काही वेळ नुसत्याच बसत. सुमेधला दोनदा मध्ये बोलावेसे वाटले. दोन्ही वेळा तो गप्प राहिला, आणि प्रत्येक वेळी त्या पुढे जे बोलल्या ते त्याला कधीच सुचले नसते.

आपल्यापैकी जे कुणी दुसऱ्यासाठी काही निवडून देतात, त्यांनी आपले उत्तर भराभर पुढे करण्याआधी समोरच्याला काय हवे आहे ते विचारावे आणि मग त्याचे सांगून होईपर्यंत थांबावे.