निळी आच

भांडीकुंडी माणसांसारखी भांडत, त्या काळची गोष्ट. चुलीच्या धुरानं अंगणातलं जांभूळ कोळपलं, तेव्हा घरात गॅसची शेगडी आली. ती जांभळाला म्हणाली, "मी चार दिवसांची पाहुणी. सूर्यचूल आली की मी निघाले."

जांभूळ त्या शब्दावर तग धरून राहिलं. सूर्यचूल आलीही, पण तिला डाळ शिजवायला दुपार लागायची. शेगडीला राहवेना. "दे गं इकडे, मी चुटकीसरशी करते," असं ती रोज म्हणायची. घरच्यांना तेच सोयीचं पडलं. सूर्यचूल माळ्यावर गेली आणि तिच्यात कांदे भरले गेले.

दर उन्हाळा आधीच्यापेक्षा जास्त तापत गेला. जांभूळ शेंड्यापासून वाळू लागलं.

"पण मी तर धूर केला नाही!" शेगडी कळवळली.

"केलास गं," जांभूळ म्हणालं. "दिसला नाही, एवढंच."

शेगडीनं माळ्याकडे हाक मारली, "अगं, ये ना खाली!"

वरून सूर्यचूल म्हणाली, "माझा आरसा आंधळा झालाय. आता तूच रांध."

शेगडीची आच अजून तशीच निळी, देखणी होती. तिला पहिल्यांदाच चुलीचा हेवा वाटला. चुलीचं काळं तोंड निदान सगळ्यांना दिसत तरी होतं.