सगळ्यांत हलका दिवेकरी

फार फार पूर्वी समुद्राकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. गावामागे सरळसोट कडा, कड्याला तीनशे पायऱ्या आणि माथ्यावर एक भला मोठा दिवा. रोज संध्याकाळी दिवेकऱ्याने तेलाची घागर घेऊन वर जायचं आणि दिवा लावायचा. त्या उजेडावर होड्या खडक चुकवून घरी येत.

म्हातारा दिवेकरी थकला की गाव नवा निवडी. निवड कशी, तर मासळीच्या मोठ्या तराजूवर! एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात सुकटीच्या गोण्या. जो सगळ्यांत हलका भरेल, त्याला मान. “हलकं असतं तेच वर जातं, धूर बघा ना,” असं गावातले शहाणे सांगत. आणि ते इतक्या ठामपणे सांगत, की कुणी उलटून काही विचारलंच नाही.

नाखव्याच्या मुलाला, पोशाला, हा मान हवाच होता. त्याचा बाप होडी घेऊन खोल समुद्रात जाई. बापाला वाट दाखवणारा दिवा आपल्या हातून लागावा, एवढीच त्याची इच्छा. मग पठ्ठ्याने भात सोडला, मासळी सोडली. सकाळ-संध्याकाळ नुसतं मधाचं पाणी. भर दुपारी घोंगडी पांघरून तो वाळूत बसे आणि घाम निथळला की खूश होऊन म्हणे, “चरबी वितळतेय!”

त्याची वेसूआत्या डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रोज चार गावं पालथी घाली. अंगाने चांगली भरलेली. ती म्हणाली, “आरं, घामातून पाणीच जातं. दोन तांबे प्यालास की परत आलं. चार घास भात खा.”

“आत्या, तू तराजूत बसलीस तर गोण्या पुरायच्या नाहीत!” पोशा हसून म्हणाला. आत्याही हसली आणि पाटी उचलून चालू लागली.

ठरल्या दिवशी पोशा सगळ्यांत हलका भरला. गावाने गुलाल उधळला.

त्याच संध्याकाळी वारं फिरलं. आभाळ काळवंडलं, लाटा खडकांवर फुटू लागल्या. सगळ्या होड्या अजून बाहेर होत्या, पोशाच्या बापाचीही. पोशा घागर खांद्यावर घेऊन निघाला. पन्नास पायऱ्या झाल्या आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. साठाव्या पायरीवर तो मटकन खाली बसला. उठायला गेला, तर उठवेना. “बाबा!” समुद्राकडे बघून तो रडू लागला.

खाली जमलेल्या गावाला काही सुचेना. वेसूआत्या मात्र पदर खोचून चढू लागली. पोशाजवळ येऊन तिने घागर डोक्यावर घेतली. “बस हितंच. उठू नकोस, घेरी येईल,” म्हणाली आणि पुढे निघाली.

पोशा बघतच राहिला. साठीची बाई, भरला देह, डोक्यावर तेलाची घागर. वाऱ्याने लुगडं फडफडत होतं, पण पाऊल एकदाही चुकलं नाही. घाई नाही, दमछाक नाही. एक पायरी, मग दुसरी. ही बाई आपण रोज बघत होतो, तरी तिच्यातलं बळ आपल्याला कधी दिसलंच नाही, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

माथ्यावर दिवा लागला. पाण्यावर उजेड पसरला आणि काळ्या लाटांतून एकेक शीड पुढे येऊ लागलं. सगळं गाव तोंडात बोटं घालून ते बघत होतं.

किनाऱ्याला लागताच नाखवा धावत पायऱ्या चढून आला. पोराला त्याने उराशी धरलं. “तुझ्या दिव्यानं वाचवलं रे!”

पोशाला गप्प बसता आलं असतं. पण त्याच्याने राहवलं नाही. “बाबा, मी साठच पायऱ्या चढलो. दिवा आत्यानं लावला.”

आत्या शांतपणे पायऱ्या उतरत येत होती. नाखवा बहिणीच्या पायांवर वाकला, तशी ती ओशाळली. “मी काय जादू केली? रोज पोटभर जेवते आन् रोज चालते.”

“आत्या, उद्या पाटी घेऊन मी येऊ तुझ्यासंगं?” पोशाने खाली मान घालून विचारलं.

“ये की,” आत्या म्हणाली, “पण जेवून ये.”

तात्पर्य एवढंच: उपाशी राहून अंग हलकं होईलही, पण कडा चढायला बळ लागतं, आणि ते रोजच्या घासातून नि रोजच्या पावलातून हळूहळूच येतं.