शुक्तिकेचे जाळे आणि समुद्राची मर्यादा

पूर्वी त्रेतायुगात, भार्गवरामाने बाण सोडून समुद्राला मागे हटवले आणि शंखशिंपल्यांनी भरलेली ओलसर भूमी वर आली, त्या अपरान्त देशात एका खाडीच्या मुखाशी धीवरांची वसती होती. मागे मेघश्याम पर्वत, पुढे अथांग नीलजल, आणि मध्ये गवताने शाकारलेली घरे. त्यांतले एक घर शुक्तिकेचे. तिचा पती नौधर होडी घेऊन गेला, त्याला सात पावसाळे लोटले होते.

त्या धीवरांची एक रीत होती. घरधनी समुद्रावर गेला आणि आला नाही, तर त्याचे जाळे आढ्याला टांगून ठेवायचे. जाळे वर आहे तोवर माणूस आहे. ते खाली उतरले, की बाईने कुंकू पुसायचे. शुक्तिकेने ते उतरवले नव्हते. कुजू नये म्हणून टांगल्या जागीच ती त्याला ऐनाच्या सालीचा काढा लावी आणि हातासरशी चार गोष्टीही सांगे.

पण समुद्र पुढे सरकू लागला. एका वर्षी मासळी वाळवायचे खळे गेले, मग एकेक करून घरे गेली. शुक्तिकेचे घर एके काळी आठव्या रांगेत होते; आता ते पहिले झाले होते.

वसतीचा प्रमुख उडुप, नौधराचा जिवाभावाचा सोबती, तिला न्यायला आला. “वहिनी, डोंगराच्या पायथ्याशी तुझ्यासाठी जागा काढलीय. चल आता.”

“मी गेले, आणि मागून हे आले तर?”

“गावात स्वतःची बायको सापडायची नाही, इतका काही तो खुळा नव्हता.”

“डोंगरावरून येणाऱ्याला सापडेन मी, भावजी. हे समुद्रावरून येणार. त्यांना हेच दार समोर लागतं.”

 उडुप तडक डोंगर चढला आणि गवताचे बी खाऊन तप करणाऱ्या तृणशय मुनींच्या पायांवर पडला.

ज्येष्ठी अमावास्येचे उधाण होते. भर माध्यान्ही लाटा हत्तींच्या कळपासारख्या धावून येत होत्या आणि शुक्तिकेच्या अंगणाचा काठ ढासळत होता. तृणशय मुनी तिथे उभे राहिले, त्यांनी ओंजळीत जल घेतले.

“हे सरित्पते, तू आपली पायरी विसरलास. दीनांची घरे गिळणाऱ्या, तुझ्या उदरातला शेवटचा बिंदूही आटून जावो, आणि जिथे तुझ्या लाटा नाचतात तिथे…”

शुक्तिकेने पुढे होऊन मुनींचे मनगट धरले. जमलेले लोक मागे सरले.

“थांबा बाबा. हा आटला, तर हे कुठल्या वाटेनं येतील?”

“मुली, हाच तुझे घर गिळतो आहे.”

“गिळतोय खरा. पण वाटही हाच आहे.”

मुनींच्या बोटांमधून पाणी गळून गेले, शाप अर्धाच राहिला. तेव्हा लाटांमधून प्रत्यक्ष रत्नाकर उठला. प्रवाळांचा मुकुट, जलनील देह, आणि डोळे फार थकलेले.

“मुनिवर, मी गिळायला येत नाही. भार्गवाच्या बाणापूर्वी ही माझी शय्या होती. हिच्या अंगणात अजून माझे शंख पडलेले आहेत. ज्याला घर सोडावे लागले, त्याने घराकडे वळून पाहू नये काय? मी केवळ पाहायला येतो. पण माझा देह मोठा आहे.”

मग तो शुक्तिकेकडे वळला. “माते, तू मला शापातून वाचवलेस. वर माग.”

“माझे धनी परत द्या.”

समुद्राने मान खाली घातली. “जो माझ्यात विरघळला, तो आता मला वेगळा काढता येत नाही. दुसरे काही माग.”

शुक्तिकेने वळून दारातून आढ्याच्या जाळ्याकडे पाहिले. मग म्हणाली, “असं असेल तर या लोकांची घरं राहू द्या. तुम्ही या, बघा, पण एका रेषेपर्यंत.”

“वाळूतली रेषा माझीच लाट पुसून टाकील. मला ओळखता येईल अशी खूण दे.”

“तुम्हांला काय ओळखता येतं?”

“गाठी. ज्यांची जाळी माझ्यात उतरली, त्यांच्या हातच्या गाठी मी विसरत नाही.”

शुक्तिका घरात गेली. उडुपाला कळले. “वहिनी, नको,” तो दारातून हळूच म्हणाला. तिने पाट ठेवला, त्यावर चढली आणि जाळे सोडले. मग खाडीपासून पलीकडच्या कातळापर्यंत, गाठी तशाच राखून, ती ते उसवत, अंथरत गेली. दिवस कलेपर्यंत समुद्र ताटकळत उभा होता. शेवटचा धागा टाकून तिने ओल्या हाताने कपाळ पुसले. एक लाट आली, गाठींना शिवली, क्षणभर तिथेच रेंगाळली आणि परत गेली.

सकाळी पाहतात तो प्रत्येक गाठीला मुळे फुटलेली, दुभंगलेली हिरवी पाने आलेली, वर जांभळी फुले उमललेली. तीच ही मर्यादवेल. तेव्हापासून समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि वेल चाचपून माघारी जातो. मासळी पसरायला जागा हवी म्हणून माणसे जिथे ती वेल ओरबाडून काढतात, तिथे त्याला खूण सापडत नाही, आणि तो आपले जुने घर शोधत लोकांच्या चुलीपर्यंत जातो. त्याला दोष देऊ नये.

या कथेच्या श्रवणाने स्वर्ग मिळत नाही, संपत्तीही मिळत नाही. ऐकणाऱ्याचे घर जागेवर राहावे, आणि दूर गेलेल्याला ते सापडावे, एवढेच हिचे फळ.