कुलपातले प्रमाणपत्र

सन दोन हजार एकोणीस, चैत्राचा दुसरा आठवडा. ऊन चढू लागले होते. अशा एका दुपारी एक केकवाला आपल्या वृद्ध गुरूच्या दारी आला.

गुरूने सारे आयुष्य एसटी स्टँडसमोर खानावळ चालवली. केकवाला धंदा शिकला तो तिथेच. पुढे त्याने एका मोठ्या कंपनीच्या नावाचे केकचे दुकान घेतले. पाटी कंपनीची, माल कंपनीचा. भाडे आणि काळजी त्याची.

"आप्पा, डोळ्याला डोळा नाही."

"मग इथं कशाला आलास? घरी झोप."

शिष्य हसला नाही. त्याने सांगितले ते असे. काउंटरवरच्या सुवर्णाला कामावर घेताना त्याने तिचे नर्सिंगचे मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतले होते. बाजारात सगळेच ठेवतात. शिकवून तयार केलेला माणूस शेजारचा दुकानदार चार पैसे जास्त देऊन पळवतो, म्हणून ही रीत. आता सुवर्णाला रुग्णालयात नोकरी लागली होती. सोमवारी मूळ कागद दाखवला नाही, तर जागा दुसरीला जाणार. तिने कागद मागितला. हा म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांब." शेवटचा पगारही अडवला. ती सरळ कामगार कार्यालयात गेली आणि तिथून याला उद्याचे बोलावणे आले.

"कंपनीला कळलं तर संपलो, आप्पा. दुकानावर कायद्याची तक्रार आली की करार रद्द, असं कलम आहे. माझे सहीचे कोरे चेक त्यांच्याकडे आहेत, हवी ती रक्कम भरतील. घर जाईल."

"मग मी काय करू?"

"उद्या माझ्यासोबत चला. तुमच्या शब्दाला वजन आहे. एवढंच सांगा, की तिनं कागद स्वखुशीनं दिला होता."

म्हातारा उठला. दारात जाऊन शिष्याची एक चप्पल उचलली, लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. मग बसून सुपारी कातरू लागला.

"आप्पा, हे काय?"

"काही नाही. चहा घेणार?"

"दुकान पोरांवर टाकून आलोय. चप्पल द्या."

"एक आहे ना दारात."

"एका चपलेनं कुठं जाऊ? बाहेर डांबर वितळतंय! आणि तुम्हाला तरी तिचा काय उपयोग?"

"मला काही नाही. माझ्या पायाला ती होणारही नाही. पण तू बसलायस ना?"

आतून म्हातारी ओरडली, "अहो, द्या की त्याची चप्पल! दोन लेकरांचा बाप झालाय तो, आता कसल्या चेष्टा करता?"

"चेष्टा नाही ही," म्हातारा म्हणाला आणि शिष्याकडे वळला. "तिच्या कागदावर तुला नर्स होता येणार नाही. तिला त्याच्यावाचून होता येणार नाही. तिनं स्वखुशीनं दिला म्हणतोस. कंपनीला कोरे चेक तू स्वखुशीनं दिलेस?"

"दिले नसते तर दुकान मिळालं नसतं."

"आणि तिनं दिला नसता, तर तू काम दिलं असतंस?"

म्हाताऱ्याने अडकित्ता खाली ठेवला.

"तुझी अडचण खोटी नाही. माझा आचारी समोरच्यानं भर लग्नसराईत नेला होता. पण त्याला सरळ उपाय आहे. कामावर घेताना नेमणुकीचं पत्र द्यावं. सोडण्याआधी किती दिवस सांगायचं, ते त्यात लिहावं. पगार वेळेवर द्यावा. एवढं करूनही जो जातो, त्याला जाऊ द्यावं. माणूस पगारानं राहिला तर कामगार. कागद अडकलाय म्हणून राहिला, तर ओलीस. ओलीस ठेवणाऱ्यासाठी मी साक्ष देत नाही."

त्याने कुलूप काढले आणि चप्पल शिष्यापुढे ठेवली.

शिष्याने ती हातात घेतली. मग चाचरत म्हणाला, "कागद देतो. पगारही देतो. पण मग तक्रार मागे घे, एवढं तरी म्हणू ना?"

"ही चप्पल देताना मी तुझ्याकडे काय मागितलं?"

"आणि दुकान गेलं तर?"

"जाईलही. ते माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. कागद तेवढा तुझ्या हातात आहे."

दिवेलागणीला केकवाला सुवर्णाच्या घरी गेला. तिचा बाप ओट्यावर बसला होता. तो जागचा हलला नाही.

"या, मालक. आता काय, दमदाटी करायला आलात?"

"सुवर्णाला बोलवा."

ती पिठाचे हात पुसत आली. त्याने पाकीट पुढे केले. तिने आधी प्रमाणपत्र बाहेर काढले, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि बापाच्या हाती दिले. मग पगार मोजला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

तक्रारीचा शब्द केकवाल्याच्या ओठांवर आला. कोरे चेक आठवले, घर आठवले. त्याने तो शब्द गिळला आणि पायरी उतरला. देणे फिटले होते.