शेवंतीची ओटी

जवळ जवळ बसा, आणि कुणाला तहान लागली असेल तर आधी पिऊन या, कारण गोष्ट पाण्याचीच आहे. फार वर्षांपूर्वी आमच्या कुंभेरीला नळ नव्हता. शेवंती नदी गावाखालून वाहायची आणि बायका घागरी घेऊन तिच्याकडे जायच्या. मग एके वर्षी पाइप आले, टेकडीवर टाकी बांधली, आणि नदीच चढून घराघरात आली. टाकीची चावी असे चांगुणाआत्याकडे. ही सगळ्या गावाची आत्या. तिनं टेकडीवरून "पाणी सोडलं गं!" अशी हाळी दिली, की पलीकडच्या गावातल्या बायकाही हंडे घेऊन धावायच्या, असं म्हणतात. त्या गावाला तेव्हा नळच नव्हता.

आता आमचं गाव प्रेमळ, आणि प्रेमळ माणसं कुणाचं ऐकत नाहीत. बायकांनी ठरवलं, शेवंती माहेरी आली. मग माहेरवाशिणीची ओटी भरायला नको? दर शुक्रवारी त्या टेकडी चढू लागल्या आणि टाकीचं झाकण सरकवून हळदकुंकू, तांदूळ, नारळ, खण, बांगड्या आत सोडू लागल्या. आत्यानं झाकणाला कुलूप घातलं, तर "चांगुणा नदीला कोंडती" असा बोभाटा झाला आणि ते काढावं लागलं. नळाला पाणी पिवळसर येई, कधी त्यात तांदळाचा दाणा येई. ज्याच्या घरी दाणा येई तो प्रसाद म्हणून भातात घाली. असं म्हणतात की एका घरी नळातून सबंध बांगडी आली आणि ती सुनेच्या हातात बरोबर बसली. माझा काही यावर विश्वास नाही, पण त्या सुनेच्या नाती अजून त्या बांगडीवरून भांडतात.

हसण्यासारखं होतं तोवर सगळे हसले. मग टाकीतले नारळ कुजले, पाण्याला वास सुटला आणि घराघरातल्या पोरांची पोटं बिघडली. नेमकी तेव्हाच आत्याची एकुलती लेक मुक्ता बाळंतपणाला माहेरी आली. आधी एकदा तिची कूस रिकामी झाली होती, त्यामुळे या खेपेला आत्याचा जीव टांगणीला लागला होता. गावाला पाणी सोडणारी ही बाई लेकीसाठी मात्र लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून कळशी आणू लागली.

मुक्तानं विचारलं, "आये, तुज्याच नळाचं पानी मला का न्हाय गं?"

आत्याला ते फार लागलं.

पुढच्या शुक्रवारी बायका टेकडीवर पोचल्या, तर आत्या टाकीच्या झाकणावर मांडी घालून बसलेली.

"वटी आणलीसा? बरं केलंसा. पर आदी मला सांगा, लेक माहेरी आली की वटी कवा भरता? आल्या आल्या, का सासरी निघताना?"

"निघताना," बायका म्हणाल्या. यात विचारायचं काय होतं?

"आन् तुमी दर शुक्कारी भरताय! म्हंजे दर शुक्कारी शेवंतीला सांगताय, निघ बाई आता, गाडी लागली!"

बायकांच्या हातातली ताटं तशीच राहिली. सगळ्यांत वडील बायजाकाकू मटकन खालीच बसली. "आगं बया! आन् मी मेली तिला दोन दोन नारळ दिलं!"

"मग आता करायचं काय गं, आत्या?" एकीनं रडवेलं होऊन विचारलं.

"दमून आलेल्या लेकीला आदी काय घालता?"

"न्हाऊ!"

झालं. टाकी उपसली. बायका पदर खोचून शिडीनं आत उतरल्या आणि चुना लावून, नारळाच्या शेंड्यांनी घासघासून त्यांनी टाकीला न्हाऊ घातलं. वर उभ्या असलेल्या बायका झाकणातून आत वाकून गाणी म्हणत होत्या, आतल्या त्यांना चुकलेल्या ओळी सांगत होत्या. दवाखान्यातून ब्लीचिंग पावडर आली, तीही कुणी नाकारली नाही. न्हाऊन निघालेल्या लेकीला पावडर लागतेच, असं बायजाकाकूचं मत पडलं. असं म्हणतात की भिंती इतक्या लखलखल्या, की बायकांनी त्यात बघून कुंकू नीट केलं. धुतलेलं पाणी ज्या खडकाळ उतारावरून गेलं तिथं हळद उगवली. आणि टाकी भरायची वेळ आली तेव्हा शेवंती एवढ्या आनंदानं चढली, की पंप सुरूच करावा लागला नाही.

टेकडीखालच्या नळाला पाणी आलं. सगळं गाव जमलं, पण पहिला पेला घ्यायला कुणी पुढं होईना. आत्या प्यायली असती, पण तिला दगडही पचतात हे सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात जड पावलांनी मुक्ता पुढं आली. तिनं पेला भरून हातात धरला आणि आईकडे बघितलं.

"आये, धुतली?"

आत्यानं टाकीचा कोपरा न् कोपरा स्वतः घासला होता. तरी टेकडीवरून हाळी देणाऱ्या त्या गळ्यातून शब्द फुटेना. तेव्हा मागून सगळ्या बायका एका आवाजात ओरडल्या, "धुतली!"

मुक्तानं पेला रिकामा केला, तोंड पुसलं आणि दुसरा भरला. पुढं गावातल्या पोरांची पोटं बरी झाली आणि मुक्ताला मुलगी झाली. ती पहिल्यांदा रडली तेव्हा पलीकडच्या गावाला वाटलं, पाणी सुटलं.

आता आमच्याकडे नगरपालिका झाली आहे, पाण्याच्या बाटल्या तपासायला प्रयोगशाळेत जातात, अहवाल येतो, सगळं रीतसर होतं. तरी दिवाळीआधी टाकीचं न्हाणं चांगुणाआत्याच्या नावानं होतंच. ओटी भरतात ती टाकीत उतरलेल्या बायकांची. पहिला पेला माहेरी आलेल्या एखाद्या गरोदर लेकीच्या हातात देतात. ती विचारते, "धुतली?" आणि उत्तर नगराध्यक्षांनी द्यायचं असतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

एका वर्षी नगराध्यक्ष पुटपुटले, "हो... म्हणजे, झाल्यातच जमा आहे." त्या लेकीनं पेला खाली ठेवला. साहेबांनी चपला काढल्या, पँट दुमडली, टेकडीवर जाऊन टाकी पुन्हा उपसायला लावली आणि ते शिडीनं आत उतरले. बायकांनी हसत हसत त्यांच्या हातात नारळाची शेंडी दिली. दुपार कलल्यावर ते मिशीला चुना लावून, नखशिखान्त भिजून खाली आले आणि लांबूनच ओरडले, "धुतली, धुतली!"

"मी अजून विचारलंच न्हाय," ती म्हणाली. तिनं आधीचं पाणी ओतून पेला नव्यानं भरला आणि रीतीनं विचारलं. या खेपेला सगळं गाव ओरडलं. मग ती प्यायली, आणि तिच्यामागून आम्ही सगळे प्यायलो.