सरकारची उघाडी

फार जुन्या काळची गोष्ट. एका राजाचं राज्य घाटमाथ्यापासून थेट समुद्रापर्यंत पसरलेलं होतं. राजधानी होती वर घाटावर. खाली खाडीकाठी एक गाव होतं, आणि त्या गावाचा मुख्य होता एक गावकर.

गावाची भातशेती खाडीच्या बांधाआड होती. बांधात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडायची, म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी निघून जाई. भरतीला मिटायची, नाहीतर खारं पाणी आत शिरून जमीन नासे. वाडवडिलांनी राजाशी ठरवूनच घेतलं होतं, की शत्रू आला तर राजाने धावायचं, पाणी आलं तर गावाने.

एका वर्षी बांध खचला. गावकर मदत मागायला राजधानीला गेला. राजाने दगड दिले, गवंडी दिले, वर गावकराच्या खांद्यावर भरजरी शेला घातला. मग प्रधान गोड आवाजात म्हणाला, "बांध आता सरकारने बांधला. तेव्हा उघाडीही सरकारचीच, नाही का?"

गावकराने मान डोलावली. शेला अंगावर असताना नाही म्हणणं जड जातं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. अवेळी उठून बांधावर धावायची कटकट गेली!

उघाडीवर शिपाई आला. सगळ्या खाडीकाठाला एकच हुकूम होता: उजाडताच उघडावी, सूर्य माथ्यावर आला की मिटावी. हुकूम काढणाऱ्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. अष्टमीच्या सुमाराला सकाळभर ओहोटी असते, म्हणून ते कसंबसं जमून गेलं, आणि प्रधानाने राजाला सांगितलं, "बघा महाराज, कारभाराला कशी शिस्त आली!"

मग अमावास्या आली. भात पोटरीला आलेलं. सकाळीच खाडी चढू लागली आणि उघाडी सताड उघडी. सगळा गाव बांधावर जमला.

"अरे, मीट की दार!" गावकर ओरडला.

"दुपारशिवाय हुकूम नाही," शिपाई म्हणाला.

"अहो, भरती काय हुकूम विचारून येते?" गावकराची बायको नवऱ्यावर कडाडली. "ढकला त्याला बाजूला. एकटा तर आहे!"

गावकराने हात उचललाही. मग शेला सावरत तो पुटपुटला, "उघाडी सरकारची आहे. आपण कसा हात लावायचा?" आणि त्याने राजधानीकडे स्वार धाडला.

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, गावातलं दुसरं कुणीही पुढे झालं नाही. पिढ्यान् पिढ्या 'आमची उघाडी' म्हणणारी ती माणसं 'सरकारची, सरकारची' म्हणत पाणी आत शिरताना बघत राहिली.

सूर्य माथ्यावर आला. शिपायाने नेमाने दार मिटलं, आणि खारं पाणी आतच कोंडलं गेलं.

स्वार परतला तेव्हा भात करपून गेलं होतं. उत्तर आलं होतं, "तुमच्या विनंतीचा विचार चालू आहे." पुढे कित्येक वर्षं त्या जमिनीत दाणा पिकला नाही. राजवाड्यात त्या गावचा तांदूळ येईना, तेव्हा राजा चिडून म्हणाला, "गावकर झोपला होता काय?" आणि त्याने शेला परत मागवला.

गावकराने तो काढून दिला. उघाडी मात्र सरकारने परत केली नाही.

तात्पर्य: आपल्या दारी वापरायचा अधिकार दूरच्या हाती सोपवला, की अधिकार त्यांचा होतो आणि नुकसान तेवढं आपलं उरतं.