शिखरावरची गाणी

“आणि त्यानंतरच्या दहा वर्षांतलं?” बाईंनी विचारले.

“ते त्याहून वाईट,” यशोधन म्हणाला. “पन्नासच्या दशकातलं गाणं निदान शब्दांचा मान राखत होतं. विरहाचं एक कडवं आणि मागे व्हायोलिनांचा ताफा. साठच्या दशकात तोच ताफा डोंगरावर नेला. दुःख कमी पडलं की वाद्यं वाढवायची, एवढंच त्यांचं शास्त्र.”

बाई तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा नखाने सरकवीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

इंदिराबाई नाडगौडा यांनी मिरजेत राहून आयुष्यभर ख्यालाखेरीज काहीही गायले नव्हते. भर मैफलीत तंबोरा किंचित उतरला म्हणून त्यांनी एकदा गाणे थांबवले होते, आणि तो जुळेपर्यंत भरलेले सभागृह मुकाट बसून राहिले होते. यशोधन गलगली तरुणपणी त्यांच्याकडे शिकला. पुढे विद्यापीठात गेला, लोकप्रिय संगीतावर प्रबंध लिहिला, आणि आता दर रविवारी एका दैनिकात कोणत्या तरी दशकातले सर्वांत गाजलेले गाणे घेऊन ते गाजायला नको होते, हे सिद्ध करीत असे. त्याचे युक्तिवाद बिनतोड असत. गाणी मात्र तोवर गाजून गेलेली असत.

“ऐंशीचं दशक?”

“यंत्राचा ठेका. गायिका त्याच्यामागे धावते, धापा टाकते, आणि त्या धापेला लोक लय म्हणतात.”

“लग्नांत नाचले असतील.”

“अजून नाचतात, बाई. तीच तर तक्रार आहे.”

“नव्वदचं?”

“दहा वर्षं एकच गाणं. नायिकेची ओढणी तेवढी बदलते.”

“आणि आताचं?”

यशोधनने चष्मा काढून डोळे चोळले.

“आता गळा कोणाचाही चालतो. चुकलेला सूर यंत्र उचलून जागेवर बसवतं. कुठे बेसूर नाही... कुठे माणूसही नाही.”

“हे चांगलं लिहिलंस.”

“अजून लिहिलं नाही.”

“लिहिशील.”

...

“थकलो, बाई,” तो म्हणाला. “एवढ्या वर्षांत धड काही कानावर पडलं नाही.”

“मीही थकले. तुझी पाच दशकं ऐकूनच थकले. हे सांगायला एवढ्या उन्हात आलास?”

त्याने चष्मा पुन्हा चढवला.

“केतकी गात नाही,” तो म्हणाला.

केतकी त्याची मुलगी. नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती.

“गात नाही म्हणजे?”

“माझ्यासमोर गात नाही. जिना चढताना मला तिचा आवाज ऐकू येतो. कुलपात किल्ली फिरली की तो थांबतो.”

“काय म्हणालास तिला?”

“काहीच नाही.”

...

“एकदा म्हणालो,” त्याने कबूल केले. “ती गुणगुणत होती त्या गाण्याच्या अंतऱ्याची चाल उसनी आहे आणि ठेका चालीला शोभत नाही, एवढंच. तिला ठाऊक असावं म्हणून.”

“मग ती काय म्हणाली?”

“म्हणाली, बाबा, मी भांडी घासत होते.”

बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. यशोधन हसला नाही.

“पुढच्या वर्षी ती शिकायला बाहेरगावी जाईल,” तो म्हणाला. “मग जिन्यावरही ऐकू येणार नाही. म्हणून तुम्हांला विचारायला आलो. इतक्या दशकांच्या इतक्या गाण्यांत एखादं तरी बिनखोट असेल. तुमचा कान मी जाणतो. ते एक मला सांगा. मी तिला ते देईन. त्यात मला खोट काढण्यासारखं काही नसेल, म्हणजे ती माझ्यासमोर गाईल.”

बाईंनी दोरा सोडला. तार छेडून पाहिली.

“सगळ्यांत वाईट कोणतं?”

“वाईट?”

“एवढी तपासलीस. एक निवडलं असशीलच.”

“सत्तरच्या दशकातलं, सायकलवरचं,” तो तत्काळ म्हणाला. “घंटीच्या आवाजावर बेतलेलं. मुखडा चार सुरांत घुटमळतो, आणि अंतऱ्यात विनाकारण एक उंच झेप, टाळ्यांसाठी. वर्षभर पहिल्या जागेवर होतं. कोणीही गावं इतकं सोपं, हेच त्याचं कर्तृत्व.”

“म्हण.”

“इथे?”

“दुसरीकडे कुठे गातोस?”

बाई तंबोरा उभा धरून तारा छेडू लागल्या.

तंबोरा बाईंच्या पट्टीत लावलेला होता. पुरुषाच्या गळ्याला ती पट्टी उंच. पण गुरूची पट्टी उतरवा असे त्या घरात शिष्याने म्हणायचे नसते. शिवाय असल्या गाण्यासाठी पट्टी कसली बदलायची, असेही यशोधनला वाटले. त्याने तसाच मुखडा धरला. दुसऱ्याच ओळीवर तो थांबला.

“हे पाहा, बाई, हा शब्द केवळ यमकासाठी—”

“पुढे.”

त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा थांबला.

“आणि ही जागा मुळात—”

“पुढे म्हण, बाळ.”

या वेळी तो थांबला नाही. अंतरा आला. झेप आली. गळा वर गेला, सुराच्या जवळ पोहोचला आणि तिथेच, खाली, अडकला. कान शाबूत होता. आपण किती उतरलो आहोत हे त्याला अचूक ऐकू येत होते. त्याने जोर लावला. सूर आणखी उतरला. थांबावे असे वाटले, पण बाईंची बोटे तारांवरून फिरतच होती.

तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा आवाज उठला. म्हातारा, बारीक, थोडा कापरा.

बाई गात होत्या. त्यांना शब्द येत होते.

त्या तंबोऱ्याच्या सुरात गात नव्हत्या. यशोधन जिथे अडकला होता, नेमक्या तिथे त्या आल्या होत्या. त्याच्याइतक्याच उतरलेल्या, केसभर कमी नाही की जास्त नाही. तारा एक सांगत होत्या आणि दोन माणसे दुसरे गात होती. यशोधनचा आवाज अर्ध्यावर फुटला. बाईंचा थांबला नाही, म्हणून त्याचाही थांबला नाही. दोघांनी अंतरा पुरा केला. मुखड्यावर आले. गाणे संपले.

तारांचा गुंजारव हळूहळू विरला.

...

“बाई, तुम्ही उतरलात.”

“हो.”

“तुम्हांला कळलं नाही, असं होणार नाही.”

“कळलं की.”

“दुखलं नाही?”

“दुखलं.”

“मग तंबोरा इथे असताना तिकडे का गेलात?”

बाईंनी तंबोरा आडवा ठेवला, आणि त्यावर गवसणी चढवायला घेतली.

“तिकडे तू एकटाच होतास.”